फोटोएवढे झालेले लग्न

ही घटना मी विसरलेलो नाही. पण ती पूर्ण समजली का, असे कोणी विचारले तर ठामपणे हो म्हणता येत नाही. निवृत्तीनंतर मी पदवीला नाव घातले आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेही या वयात. संगणकाचा तास सुरू झाला की मला हटकून हे प्रकरण आठवते आणि सरांचे पुढचे बोलणे निसटून जाते. नाव कुणाचे घेणार नाही. तांत्रिक बाबतीत काही चुकीचे लिहिले गेले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

तेव्हा मी शिपायापासून चढत चढत सोलापुरात पोलीस उपनिरीक्षक झालो होतो. पहिली खबर चहाच्या किटलीबरोबर आली. ठाण्यात चहा आणणारा माणूस पेला टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, भवानी पेठेत चाचांच्या स्टुडिओत चमत्कार चाललाय बघा. दोन तासांचं लगीन फोटोएवढं करत्यात."

"कोण करतंय?"

"एक पोरगा हाय. मशीनचा डबा घिऊन आलाय. रेंजची एक काडी असली तरी अख्खं लगीन मोबाइलवर पळतंय म्हणं."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार न्हाय वो. मेव्हणीचं लगीन बारीक करून घिऊ का, तेवढं इचारत हुतो."

एवढ्यावर स्टेशन डायरीत काय नोंद घेणार? मी चहा प्यायलो आणि विसरून गेलो.

पुढे काही आठवड्यांनी माळशिरस तालुक्यातल्या एका गावातून एक बाई ठाण्यात आली. तिच्या मागे मान खाली घालून ते स्टुडिओवाले चाचा. बाई म्हणाली, "साहेब, माझं लगीन गेलं वो!" ठाणे अंमलदाराला वाटले नवरा-बायकोचे भांडण. तो महिला शिपायाला बोलवायला उठला. मी बाईला बसवले आणि सगळे नीट विचारून घेतले.

तिच्या लग्नाचे शूटिंग चाचांनी केले होते. लग्नानंतर काही महिन्यांत तिचे वडील वारले. आप्पांचे हलते-बोलते चित्र त्या शूटिंगशिवाय कुठेच नव्हते. गावात रेंज जेमतेम. चाचांनी तिला लग्नाची बारीक केलेली फाइल मोबाइलवर पाठवली. ती क्षणात पोहोचली. उघडायला गेले की मात्र पांढरे चक्र फिरत राहायचे.

"डोंगरावर जाऊन बगितलं, साहेब. तितंबी चक्रच."

"चाचा, मूळ शूटिंग कुठे आहे?" मी विचारले.

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुसलं, साहेब. पोरगा बोलला, सगळं बारीक झालं, आता मोठं ठेवून काय करायचं, जागा मोकळी करा. दुकानात माझ्या डोळ्यासमोर उघडत होतं ना! एक नंबर दिसायचं."

"आता?"

"पोरगा डबा घेऊन गेला. तेव्हापासून दुकानात पण उघडत नाय. पण साहेब, पोरगा झूठा नाय. मशीनमधी काहीतरी बिघाड असेल."

तक्रारदार बाई, साक्षीदार चाचा, आणि साक्षीदारच आरोपीची बाजू घेतोय. असे प्रकरण माझ्यासमोर आधी आले नव्हते. तक्रार अर्ज घेतला आणि त्या तरुणाला नोटीस काढली. तो सोलापूरजवळ कुंभारीला खोली घेऊन राहत होता. दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाला, डबा काखेत घेऊन. बाई आणि चाचांनाही मी बोलावून घेतले होते.

इतक्या वर्षांत मी एक पाहिले होते. खोटे बोलणारा माणूस बसला की आधी पाणी मागतो आणि विचारले त्यापेक्षा जास्त सांगतो. या पोराने पाणी मागितले नाही. विचारले तेवढेच सांगितले, तेही शांतपणे.

"सर, व्हिडिओत खूप काही परत परत येतं. मांडव तोच, भिंत तीच. ते एकदाच ठेवायचं. त्यानं फाइल लहान होते."

"फोटोएवढी?"

"त्याहून लहान करता येईल, सर."

"मग डब्याशिवाय का उघडत नाही?"

"डबा म्हणजे किल्ली आहे, सर. तो इंटरनेटला जोडलेला लागतो. गावाकडची रेंज कमी पडली, म्हणून किल्ली पोहोचली नाही. आणि माझ्या खोलीवर नेट नाही, म्हणून आता दुकानातही उघडत नाही."

मी त्याला तेच तेच उलटसुलट विचारले. उत्तर बदलले नाही. माझ्या डोक्यात गोंधळ झाला. व्हिडिओ लहान करता येतात हे मीही ऐकून होतो. मोबाइल बनवणारे करतात, मग हा का करू शकणार नाही? मला कळत नाही म्हणून पोराला खोटे ठरवायचे का? मी उठून बाहेर आलो.

ठाण्याच्या आवारात कडुनिंबाला एक शेळी बांधलेली होती. चोरीच्या गुन्ह्यात जप्त केलेली, मालक ओळख पटवायला यायचा होता. जप्त मालाला आम्ही गुन्ह्याचा नंबर घातलेली चिठ्ठी लावतो. तिच्या गळ्यात ती बांधली होती, आणि शेळीने मान वाकडी करून ती चघळायला घेतली होती. मुद्देमाल कारकून ओरडत धावला, "अगं, पुरावा खाल्लास की!"

मी म्हणालो, "दुसरी लिही. शेळी आहे ना जागेवर?"

आणि बोलता बोलता थांबलो. चिठ्ठी केवढीशी असते. खिशात मावते, पाकिटात घालून कुठेही पाठवता येते. चिठ्ठी दाखवली की कारकून शेळी आणून उभी करतो. म्हणून शेळी काही चिठ्ठीएवढी होत नाही. चाचांनी गावाला पाठवली ती नुसती चिठ्ठी तर नसेल?

तसे असेल तर शेळी डब्यात आहे. आणि तसे नसेल, पोरगा खरे बोलत असेल, तर लग्न त्या एवढ्याशा फाइलमध्येच आहे आणि ती कुणालाच उघडत नाही. मी आत जाऊन बाईला समजावले, "ताई, हा पोरगा खोटा निघाला तरच तुमचे आप्पा सापडतील. खरा निघाला तर अवघड आहे."

ती लगेच म्हणाली, "मग निघू द्या की साहेब खोटा!"

चाचा पुटपुटले, "या अल्ला, आता मागू तरी काय?"

बाजूच्या दुकानांतून दोन पंच बोलावले. पोराने कधी पाहिलेले नाही असे चित्रण हवे होते. महिला शिपायाने पंचांसमोर शेळीचेच मिनिटभर चित्रण केले. शेळी चांगली ओरडली. पोराने डब्यातून ते बारीक करून दिले. फाइल एका पंचाच्या मोबाइलवर टाकली. तिथे ती उघडली, शेळी दिसली, ओरडलीही. चाचांचा चेहरा उजळला. बाईचा पडला.

"आता डब्याची इंटरनेटची वायर काढ," मी म्हणालो.

"सर, मग किल्ली मिळणार नाही."

"काढ."

त्याने काढली. पंचाच्या हातात पांढरे चक्र फिरू लागले. मग महिला शिपायाने दुसरे चित्रण केले, चांगले अर्ध्या तासाचे. पोराने तेही बारीक करून दिले. शेळीची फाइल आणि ही फाइल, दोन्ही अगदी सारख्या आकाराच्या निघाल्या. पंचांपैकी एकाचे चादरींचे दुकान होते. तो म्हणाला, "साहेब, रुमाल घडी करा नाहीतर चादर, गठ्ठा सारखाच? असं कुठं असतंय?"

पोराने त्या वेळी पहिल्यांदा पाणी मागितले.

पंचनामा करून डबा सायबर शाखेकडे पाठवला. आत नुसती मोठी हार्ड डिस्क होती. लग्ने सगळी पूर्ण आकारात, आणि मोबाइलवर पाठवलेली फाइल म्हणजे नुसती त्यांच्या पत्त्याची चिठ्ठी. मोबाइलवर चक्र फिरायचे ते त्यासाठीच. अख्खे लग्न डब्यातून रेंजच्या एका काडीवरून ओढायचे होते. वाईट एवढेच की डबा भरला की पोरगा जुनी लग्ने पुसत होता. काही कुटुंबांचे चित्रण कायमचे गेले. सायबरचा माणूस एकेक फाइल उघडत होता तेव्हा बाई माझ्या शेजारी उभी होती. 

मग पडद्यावर मांडव आला. फेटा बांधलेला एक माणूस कॅमेऱ्याला हात दाखवत मोठ्याने म्हणाला, "माझं काय काढतुयास? माझ्या पोरीचं काढ की!"

बाईने पदर तोंडाला लावला. "लई बोलायचे," ती म्हणाली.

पोरावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. जबाब देताना तो मला म्हणाला, "सर, डबा तात्पुरता होता. खरं तंत्र जवळजवळ तयार आहे. तोवर लोकांचा विश्वास टिकवायचा होता." त्याच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. तो मला फसवत होता की स्वतःला, हे मला तेव्हा कळले नाही, आजही कळत नाही. कॉलेजात सरांना विचारले. ते म्हणाले, मोबाइलमधला व्हिडिओ आधीच पिळून लहान केलेला असतो, पिळलेली चादर पुन्हा पिळून किती पाणी निघणार? हे मला पटले. 

मी यातून घेतले ते इतकेच. कोणी म्हणाले की मोठी गोष्ट एवढीशी झाली, तर त्याच्या हुशारीशी वाद घालत बसायचे नाही. मूळ वस्तू या क्षणी कुठे आहे, एवढेच विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत मूळ वस्तू पुसायची नाही.

न्यायालयाच्या परवानगीनंतर बाई लग्नाची प्रत घ्यायला आली. सोबत चाचाही होते. नवी हार्ड डिस्क त्यांनीच आणली होती. महिला शिपायाने सहज विचारले, "ताई, यातलं थोडं मोबाइलवर पाठवून देऊ का?"

बाईने डिस्क पदरात गुंडाळली.

"नगं बाई. आमच्याकडं रेंज न्हाय. आप्पांना मी एसटीनंच न्हेते."