बोलणं ऐकू येईल इतका आवाज

कलकत्त्यात मी दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा तिचा सायलेन्सर गंजून फुटला होता. पहिल्याच फेरीनंतर बायकोने सांगितलं, “अहो, बोललेलं कळत नाही. मी यात पुन्हा बसणार नाही.” गाडी घेतली होती ती दोघांनी फिरण्यासाठीच. म्हणून बेहाला भागातल्या गॅरेजात सायलेन्सर निवडायला तिलाच बरोबर नेलं.

मिस्त्री एकेक सायलेन्सर बसवून देई; मी तीस मैलांच्या वेगाने गाडी चालवायची आणि तिने नेहमीच्या आवाजात एकोणतीसचा पाढा म्हणायचा, असं ठरलं. आखूड सायलेन्सरच्या गडगडाटात पाढा बुडाला. लांब सायलेन्सरने तो स्वच्छ ऐकू आला, पण गाडी शिवणयंत्रासारखी वाजू लागली आणि माझा चेहरा पडला. मधला घुमायचा छान, पण काही आकडे निसटत. मिस्त्रीने त्यात तारेची जाळी आणखी भरली.

पुन्हा निघालो. “एकोणतीस साती दोनशे पाच,” ती म्हणाली.

“दोनशे तीन!” मी ओरडलो.

“मुद्दाम चुकले,” ती हसली. “हाच ठेवा. आणि आता पाढा पुरे, गंगेपर्यंत चला. मला किती दिवसांचं बोलायचंय.”