माळ्याचा चेहरा

बेरिल मावशीची बातम्या सांगायची एक ठरलेली रीत होती. आधी आजारी, मग गेलेले, मग नवी बाळं आणि सगळ्यात शेवटी, चर्चच्या चहाला कुणी आणलेला केक कसा झाला ते. आमच्या हॅथरलोच्या चर्चची पत्रिका मी काढायला लागले, तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटी तिचा फोन यायचा. "मी बोलतेय" एवढंही न म्हणता ती सुरू व्हायची.

"लिही. रॉन फर्नेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आलाय. पण कुणी भेटायला जाऊ नका, नुसता खेकसतो."

"असं छापू?"

"खेकसतो नको गं लिहू. 'विश्रांती घेत आहे' लिही. ज्याला कळायचं त्याला कळतं."

ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. तिला आणि लेनकाकांना मूलबाळ झालं नाही. काका खाणीत दगड फोडायचे आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. त्यामुळे गावातल्या तीन पिढ्या तिच्या हातचा पातळ कस्टर्ड आणि घट्ट रस्सा खाऊन मोठ्या झाल्या. कोण वाटाणे बाकाखाली टाकायचा हे तिला अजून आठवायचं, आणि त्या माणसाच्या लग्नात ती ते सांगायची. काका गेल्यावर ती दर शनिवारी चर्चमधली पितळेची मेणबत्तीदानं घासायला जाऊ लागली, स्वतःचं फडकं घेऊन. चर्चची फडकी तिला पसंत नव्हती. रविवारी ती खांबाजवळच्या बाकावर बसायची, कारण ऊब देणारा गरम पाण्याचा नळ तिथून जातो. भजनाच्या वरच्या पट्टीत तिचा आवाज चिरकायचा, पण ती थांबायची नाही.

पण गावात तिची खरी जागा फळीपाशी होती.

आमच्या गावात चर्चच्या खालच्या अंगाला झरा आहे. तो कधी आटला नाही, म्हणून ऑगस्टात त्याला सजवतात. मोठ्या लाकडी फळीवर ओली माती थापायची आणि तिच्यात पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ दाबून बायबलमधला एक प्रसंग उभा करायचा. उगवलेलं तेवढंच वापरायचं, रंगाचा एक थेंबही नाही. चित्र आठवडाभर टिकतं, मग माती तडकते आणि पाकळ्या तपकिरी पडतात. फळीवर कुणाचं नाव घालत नाहीत. पण झाडं कोण करतं, आभाळ कोण करतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चेहरा बेरिल मावशीचा. ती एकोणीस वर्षांची असताना, आधी चेहरा करणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यानं मातीचं बोट तिच्याकडे करून "ही करेल" म्हटलं होतं. तिचा पहिला संत पीटर हुबेहूब गावच्या खाटकासारखा झाला. खाटकानं पुढची कितीतरी वर्षं त्या जोरावर सॉसेज विकले म्हणे.

गेल्या हिवाळ्यात ती पत्रिका माझ्याकडून वाचून घेऊ लागली. "चष्मा घरी राहिला गं," म्हणायची, आणि चष्मा गळ्यातल्या साखळीला लटकत असायचा. फेब्रुवारीत मीच तिला गाडीनं शहरात, डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की मधलं दिसणं जात राहील. आजूबाजूचं राहील.

परतताना टेकड्यांवर बर्फ होता. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "म्हणजे मला चौकट दिसणार, चित्र नाही."

मी गाडीचा वेग कमी केला.

"पत्रिकेत येता कामा नये, हॅटी."

"नाही येणार."

"आणि शीलाला तर मुळीच कळता कामा नये."

शीला ग्रॅटन तिची बालवर्गापासूनची मैत्रीण. समोरच्या शेतात राहते. तिच्याच कोठारात फळी तयार होते. दोघी लिंबाचा केक करतात आणि दोघींना दुसरीचा केक कोरडा वाटतो.

"या एका वर्षी तोंड मीच करणार," मावशी म्हणाली. "पुढचं पुढे. हे एक करू दे मला."

या वर्षीचा प्रसंग पाद्रीबाईंनी सुचवला होता. पहाटेची बाग. मरीया थडग्यापाशी रडतेय, समोर येशू उभा आहे, पण तिला तो बागेचा माळी वाटतो. तो तिला नावानं हाक मारतो तेव्हा कुठे ती ओळखते. बैठकीत मावशी लगेच म्हणाली, "हेच घ्या." एरवी ती प्रत्येक सूचनेला आधी नाही म्हणायची.

"त्याला टोपी घालायची का पण?" शीलाबाईंनी विचारलं.

"माळी वाटला तिला. मग टोपी नको? उघड्या डोक्यानं कोण माळीकाम करतं?"

"पवित्र माणसाला टोपी!"

"तुझा नवरा तर जेवतानाही काढत नाही."

"तो पवित्र आहे असं म्हटलं का मी?"

टोपी ठरली.

ऑगस्टात फळी तळ्यात भिजत घातली. माती गमबुटांनी तुडवून, मीठ घालून मऊ केली. लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवलेल्या फळीभोवती आम्ही बायका बसलो. आल्डरच्या झाडाच्या काळ्या बोंडांनी रेघा आखून झाल्या. पाकळ्या खालून वर लावायच्या असतात, छपरावरच्या कौलांसारख्या, वरची खालचीवर चढलेली, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. मावशी चिमणीसारखी मान तिरकी करून, कडेनं बघत बसली होती. लोकांना वाटलं, मान आखडलीय. कुणीतरी चोळायला मलम आणून दिलं. तिनं मुकाट्यानं चोळून घेतलं. सगळ्या कोठाराला पुदिन्याचा वास लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं चेहरा घेतला. हनुवटी सुरेख उतरली. दगडफुलाची दाढीही. ती बोटांनी मातीतली बोंडांची रेघ शोधायची, अंगठ्यानं पाकळी दाबायची, मग पुढची. पण बोटांना रंग कळत नाही. हायड्रेंजियाच्या फिकट आणि गडद पाकळ्या मिसळल्या, गालावर भाजल्यासारखा डाग उठला. मग रेघही सुटली, आणि एक डोळा घसरून त्या डागात जाऊन बसला.

सगळ्यांनी पाहिलं.  पाद्रीबाई आभाळाच्या निळ्या पाकळ्या निवडत होत्या, त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. शीलाबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ फळीशी उभ्या राहिल्या.

"बेरिल, जरा चहा घेऊन ये. सकाळपासून बसलीयस. हॅटी, ने गं हिला."

शीलाबाईंच्या स्वयंपाकघरात मी चहा ओतला. मावशीनं केकचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "आज बरा झालाय शीलाचा केक," ती हळूच म्हणाली. "तिला सांगू नकोस."

आम्ही परत आलो तर माळ्याचे दोन्ही डोळे जागेवर होते. गाल उजळ. शीलाबाई फळीच्या पार दुसऱ्या टोकाला, जन्मात कधी बिया पाहिल्या नसल्यासारख्या बिया न्याहाळत होत्या.

मावशी बसली. रोजच्या सवयीनं तिनं आधी बोटं ठेवली, हनुवटीपासून वर. बोटं गालावर थांबली. परत खाली आली, परत वर गेली.

"माझ्या माळ्याला कुणी हात लावला?"



"दोनचार पाकळ्या सुटल्या होत्या," शीलाबाई म्हणाल्या. "बसवल्या."

"शीला, तू उजव्या हातानं काम करतेस."

"जन्मापासून."

"मी डावखुरी. माझ्या पाकळ्या डावीकडून चढतात. या उजवीकडून चढल्यात. पार कपाळापर्यंत."

शीलाबाईंनी हातातल्या बिया खाली ठेवल्या. 

"किती वाईट झालं होतं?"

"बेरिल, जाऊ दे ना."

"किती?"

"डोळा गालावर आला होता," शीलाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "बाजारातल्या माशासारखा दिसत होता."

कुणीतरी फुस्सकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"मग सांगायला काय झालं होतं? सगळा जन्म माझा केक कोरडा म्हणून सांगत आलीस, तेव्हा जीभ नाही अडखळली!"

"केकची गोष्ट निराळी." शीलाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "तुला दिसत नाही हे मला केव्हापासून माहीत आहे. माझ्या घरी येतेस आणि खुंटीवरच्या कोटाला 'कशी आहेस शीला' म्हणतेस."

"एकदा म्हटलं असेल."

"दोनदा."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

मावशीनं हात मांडीवर ठेवले. नखांत माती होती. मग तिनं मागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली, आणि मला वाटलं, संपलं. ही आता उठणार, घरी जाणार आणि या कोठारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तिनं एप्रनला हात पुसले, एकेक बोट सावकाश. आणि गाठ परत बांधली, आधीपेक्षा घट्ट.

"हॅटी, माझी खुर्ची तिकडे ने. कडेला. पानांची किनार अजून कुणी धरली नाही ना?"

"नाही."

"कडा मला दिसतात," ती म्हणाली. हे ती सगळ्यांना सांगत होती.

"आणि तोंड?" शीलाबाई घाबरल्या. "तोंड मला नको गं बाई. बिघडलं तर माझ्या नावावर जाईल."

"फळीवर नाव नसतं. आणि बिघडलं तर सांगीन की मी. टोपीची सावली डोळ्यांवर आण. सकाळचं ऊन आहे, समोरून येतं."

त्या दिवसभर त्या दोघी फळीच्या दोन बाजूंना बसून भांडत होत्या. नाक फार लांब करू नकोस. तुझी किनार वाकडी चाललीय. वाकडी नाही, वेल आहे तो, वेल सरळ असतो का? पाद्रीबाई एकदा माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा आभाळात डोकं घातलं.

रविवारी बँड वाजवत सगळं गाव चर्चमधून झऱ्यापाशी उतरलं. गवत ओलं होतं. पाद्रीबाईंनी तो उतारा वाचला. "मरीये" या शब्दाशी त्या क्षणभर थांबल्या. बेरिल मावशी पुढे, माझा दंड धरून उभी होती, मान तिरकी. आता मलम आणून द्यायला कुणी आलं नाही.

आशीर्वाद झाला, लोक चहाकडे पांगले. आम्ही दोघी फळीपुढे बांधलेल्या दोरीपाशी राहिलो.

"सांग, कसा झालाय?"

"जरा चिडका दिसतो."

"शीलानं केलाय. दिसणारच. मरीयेकडे बघतोय?"

"हो. तिच्याचकडे."

"मग झालं."

असं म्हणून तिनं दोरीवरून हात पुढे केला आणि माळ्याच्या गालावर ठेवला. सजलेल्या फळीला हात लावत नाहीत, लहान पोरंसुद्धा लावत नाहीत. मी काही म्हणायच्या आत एक पाकळी तिच्या बोटाला चिकटून आली.

"अगं बाई," ती पुटपुटली. वाकून तिनं झऱ्यात अंगठा बुडवला, चाचपत जागा शोधली आणि पाकळी दाबून बसवली. तिच्या पद्धतीनं, डावीकडून.

"हात लावायचा नाही अशी पाटी आहे तिथे." मागून शीलाबाई. हातात केकची बशी.

"मला पाटी दिसत नाही," मावशी म्हणाली.

शीलाबाई आधी हसल्या, मग त्यांना रडू आलं, मग पुन्हा हसू आलं, आणि या गडबडीत केक गवतात पडला. त्यांनी तो उचलून बशीत ठेवला. दोघी एकमेकींना टेकून चढ चढू लागल्या.

आठवडाभर मी रोज तिकडून जात होते. पाकळ्या कडेनं सुकत चालल्या, टोपीची तर पार माती झाली. गालावरची एक पाकळी शेजारणींच्या उलट बाजूला चढलेली, शेवटपर्यंत तशीच होती.

महिनाअखेरीला फोन आला.

"लिही. आधी आजारी. बेरिल ऑलसॉपला आता नीट दिसत नाही. रस्त्यात भेटलात तर आधी आपलं नाव सांगा, म्हणजे ती कोटाशी बोलत बसणार नाही."

"असंच छापू?"

"असंच."

मग गेलेले. देवदयेनं त्या महिन्यात कुणी नव्हतं. मग फर्नेसच्या नातीला झालेली मुलगी.

"आणि केक?" मी विचारलं.

 मागे कुणीतरी भांडी वाजवत होतं.

"शीलाचा. बरा झाला होता."

"तिला कळेल."

"कळू दे," मावशी म्हणाली. "इथेच बसलीय ती."