ओला सांधा

मोडक्या खुर्च्या जोडण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. सरस लावायचा, दोरीने करकचून आवळायचं आणि जवळ येईल त्याच्यावर खेकसायचं. ओला सांधा हलवला की कामाचं मातेरं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं शहाणपण. आता अशा माणसाला कोण काय सांगणार!

एकदा काका शिडीवरून पडून हनुवटीवर आपटले आणि डाव्या कानापुढचा जबड्याचा सांधा मोडला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन टाळलं. दातांना तारा बांधून वरखाली बारीक रबरं ताणली, पातळ खायला सांगितलं. दोन आठवड्यांनी रबरं काढून त्यांनी बजावलं, आता आरशासमोर बसून दिवसातून पाचदा तोंड उघडायचं, जबडा सरळ ठेवायचा. दातांमध्ये चपट्या लाकडी काड्या सरकवायच्या आणि दर आठवड्याला वाढवत न्यायच्या. दुखलं तरी.

काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन काड्या हत्यारांच्या पेटीत टाकून दिल्या. हाड अजून ओलं आहे, बाईंना सांध्यातलं काय कळतं, असं त्यांनी मापं लिहायच्या पाटीवर काकूंना लिहून दाखवलं.

लिहूनच दाखवावं लागे. काकूंना वीस वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. त्यांना कळायचं ते एकाच माणसाचं बोलणं, तेही त्याच्या ओठांवरून. शेजारणींच्या गप्पा, लेकीचे फोन, सगळं काकांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचायचं. आता काका दातांवर दात ठेवून पुटपुटायचे आणि काकू बिचाऱ्या पाटीकडे बघत बसायच्या.

तीन महिने काकांनी जबडा इमानेइतबारे जपला. मग उघडायला गेले, तर एक बोटही आत जाईना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सांधा आखडलाय, म्हणाल्या, आता होईल तेवढं होईल.

मग काका आरशासमोर बसू लागले. काड्या दातांत घालून डोळ्यांतून पाणी काढत. वर्षाअखेर दोन बोटं मावली, पण तोंड उघडलं की जबडा डावीकडे सरकायचा.

एका दुपारी हातातली खुर्ची बाजूला ठेवून ते काकूंसमोर बसले.

"माझं चुकलं गं," ते सावकाश म्हणाले. "तुझ्यासाठी तरी ऐकायला हवं होतं."

काकूंनी त्यांच्या वाकड्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग पाटी पुढे केली.

"लिहून द्या ना."

काकांनी खडू उचलला आणि लिहिलं, "काही नाही."