शर्यत रद्द करणाऱ्या पीटीबाई

पीटीबाईंनी कुठल्या पोराच्या पाठीवरून मायेने हात फिरवल्याचं मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. पोरगं पडलं की बाई जवळ जाऊन गुडघा बघायच्या, हाड शाबूत असल्याची खात्री करायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाये. उठ." बाई दगडाच्या आहेत, यावर आमच्या स्टाफरूमचं एकमत होतं. त्या एकमतात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या मूळच्या बडनेऱ्याच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. अंजनगाव सुर्जीच्या आमच्या शाळेत तासिका तत्त्वावर आल्या होत्या. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते देवाला ठाऊक. अशा माणसाने खाली मान घालून राहावं असा आमच्याकडचा रिवाज आहे. बाईंना तो कुणी सांगितला नसावा, किंवा सांगून उपयोग झाला नसावा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सहावीचा वर्ग मैदानावर होता आणि प्रणाली नावाची मुलगी कडुनिंबाखाली बसली होती. तिचा डावा पाय जन्मापासून बारीक, त्याला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर. खेळाच्या तासाला तिने सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखायच्या, हे पाचवीपासून ठरलेलं. कुणी ठरवलं होतं कोण जाणे. तिलाही बरं वाटतं, असं आम्ही म्हणायचो. तिला विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

"हे पोट्टी इथं काहून बसली?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, तिच्या पायाले..." मॉनिटर सांगू लागला.

"पाय मी पाह्यला. मी इचारून राहिली, इथं काहून बसली? चपला काय पळून जाते?"

त्या दिवसापासून प्रणाली मैदानावर. पडायची, उठायची, पुन्हा पडायची. मला ते बघवेना. मी मराठीचा मास्तर, हळवेपणाचा मक्ता माझ्याकडे. "मॅडम, जरा दया दाखवा," असं मी एकदा म्हणालोच. बाई म्हणाल्या, "दया देवळात ठेवा, सर. मैदानावर नियम लागते." आणि त्याच रविवारी प्रणालीला आणि तिच्या आईला घेऊन त्या अमरावतीला गेल्या. कॅलिपरचा वरचा पट्टा सैल झाला होता, म्हणून पोरगी सारखी एकाच बाजूला पडत होती. तो पट्टा त्यांनी नीट करून आणला. आम्हा दयाळू माणसांना तो वर्षभरात दिसला नव्हता. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमच्या क्रीडादिनाची एक जुनी पद्धत होती. अपंग मुलांनी पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचे, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या, आणि शेवटी प्रत्येकाला एक प्रोत्साहनपर कप. कप कशाबद्दल? तर न खेळल्याबद्दल. आणि माइकवर मी. 'नियतीने पाय हिरावले, पण पंख दिले' हे वाक्य माझंच, त्यावर संस्थेचे अध्यक्ष दरवर्षी रुमाल काढायचे. बाईंच्या पहिल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला गाठलं. "सर, पंख कुठं हायेत? मले तर दिसले नाही. कॅलिपर दिसलं." मला राग आला होता. खरं बोललेलं लागतं, त्याचा येतो तसला राग.

प्रणाली आठवीत गेली तेव्हा तिनेच जाऊन सांगितलं, "मॅडम, मले कप नोको. माहं नाव रेसमधी टाका." शंभर मीटर, सगळ्या मुलींबरोबर. बाईंनी नाव टाकलं. मुख्याध्यापक विरोध करतील म्हणून त्या भांडायच्या तयारीने गेल्या होत्या, तर साहेब चक्क हसून हो म्हणाले. तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती.

क्रीडादिनाला मैदानावर चुन्याची फक्की मारून सहा लेन आखल्या होत्या. फोटोग्राफर नेमका प्रणालीच्या लेनसमोर उभा होता. शिट्टी झाली. पाच मुली निघाल्या, पण लग्नाच्या वरातीत चालावं तशा. मागे बघत, एकमेकींकडे बघत. रिबनच्या दहा पावलं अलीकडे पाचही जणी थांबल्या. प्रणाली खुरडत, धापा टाकत मागून आली, त्यांच्यामधून पुढे गेली आणि रिबन तिच्या छातीला लागली. अध्यक्ष उभे राहिले, सगळा मांडव उभा राहिला. मी माइकवर ओरडलो, "विजयी!"

प्रणाली हसत नव्हती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "मॅडम," ती म्हणाली, "ह्या थांबल्या."

बाईंनी पाचही मुलींना समोर उभं केलं. त्यातली एक रडायलाच लागली. "हेडसरनं सांगतलं, परणालीले पुढं जाऊ द्या मनून."

बाई मांडवाकडे वळल्या. त्यांना माइकची गरज कधीच लागली नाही. "रेस रद्द. पुन्हा होईन. आणि आता जे थांबन, तिले मी वर्षभर खेळू देणार नाही."

मुख्याध्यापक खुर्चीतून उठले, हातवारे करू लागले, पाहुण्यांच्या कानाशी लागले. बाईंनी तिकडे पाठ केली आणि शिट्टी फुंकली.

पाच मुली वाऱ्यासारख्या पळाल्या. पहिली-दुसरी ठरली, लोकांच्या टाळ्या वाजून संपल्या आणि शेवटच्या रेषेवर दोरी धरलेली पोरं ती गुंडाळू लागली. "थांबा," बाई ओरडल्या. "माहा बाप स्टेशनवर शेवटचा डबा पाह्यल्याबिगर गाडी आली मनत नव्हता. रेस चालू हाये अजून." प्रणाली यायची होती. ती आली, तिच्या वेगाने, आणि रेषेपलीकडे जाऊन मातीत बसली.

"कितवी?"

"सहावी. चव्वेचाळीस सेकंद. कोपरं लय बाहेर जाते तुये. उद्यापासून ते पाहू."

प्रणाली हसली. मघाशी रिबन तोडून आलं नव्हतं ते हसू.

आठ दिवसांनी बाईंच्या हातात कागद पडला. 'दिव्यांग विद्यार्थिनीचा जाहीर अपमान केल्याबद्दल खुलासा करावा.' मी डोळे फाडून वाचला. पाच पोरींना खोटं पळायला लावणाऱ्याने हा कागद काढावा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. जिला वर्षभर चपलांपाशी बसवली तिचा मान आम्ही राखला, आणि जिने तिला शर्यतीत उभं केलं तिने अपमान केला. बाईंनी खुलाशात एकच ओळ लिहिली, 'सहाव्या क्रमांकाची नोंद बरोबर आहे.' जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. स्टाफरूममध्ये एकानेही तोंड उघडलं नाही, मला धरून. त्या अकोल्याला गेल्या, तिथल्या एका शाळेत, पुन्हा तासिकेवरच.

नवा क्रीडाशिक्षक आला नाही. खेळाचे तास माझ्या गळ्यात पडले. यंदा क्रीडादिन जवळ आल्यावर मुख्याध्यापकांनी पुष्पगुच्छांची यादी दिली, त्यात पहिलं नाव प्रणालीचं. ती नववीत आहे. तिने गुच्छ टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "सर, माही लेन कोणती?" मी तिला लेन दिली. साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. ती पळाली, सहावी आली.

संध्याकाळी मोठ्या अभिमानाने मी अकोल्याला फोन लावला. सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टाईम किती?"

टाइम मी घेतलाच नव्हता.

"मंग तुमी करत काय होते, सर?"

"टाळ्या वाजवत होतो."

"टाळ्या सारेच वाजवते." फोन ठेवला.

रात्रभर चडफडलो, बहुतेक स्वतःवरच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रणालीला मैदानावर बोलावलं. ती डबा हातात घेऊन आली.

"सर, जेवाचं हाये अजून."

मी हातात स्टॉपवॉच धरून म्हटलं, "आधी पळ."