शिंगाड्याच्या पाण्यातली बाई

संपादक, छापायचं तर काटछाट न करता छापा. भूतखेतांविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटलीत, उद्याही वाटीन. तरी हे लिहितोय.

नागपुरात जरीपटक्याच्या पुढे एक तलाव आहे. काठावर ढिवरांची बत्तीस घरं... शिंगाडा लावायचा, मासे धरायचे. त्यांना नोटीस आली — तुम्ही बाहेरचे, पाच वर्षांत घुसलेले, जागा सोडा! त्याच तलावावर दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून कादंब हंस येतात. त्यांना कोणी बाहेरचं म्हणत नाही! यावरच माझा चित्रकार मित्र मधुकर यानं फिल्म काढली. आठ मिलिमीटरची, मुकी.

पक्षी उडू नयेत म्हणून चित्रीकरणाच्या सकाळी वस्तीतल्या कोणीच पाण्यात पाय टाकला नाही. मी कॅमेऱ्याशेजारीच होतो. पाण्यावर फक्त हंस.

रीळ मुंबईहून धुऊन आलं. भर दुपारी समाजमंदिराची दारं लावून मांजरपाटाच्या पडद्यावर दाखवलं. हंसांच्या मधोमध एक बाई! दोन पालथ्या घागरींवर छाती टेकून शिंगाडे तोडत होती. पहिला शिंगाडा तिनं पाण्याला परत दिला, ही इथली रीत. एकही पक्षी हलला नाही.

"पाण्यात कोण गेली होती?" मी ओरडलो.

"आंधळा हायेस काय गा?" वस्तीतली कौसाबाई म्हणाली. "डाव्या हातानं तोडून राहिली... माही माय हाय ते. आठ वर्सं झाली तिले जाऊन."

दुसऱ्या दिवशी कचेरीत नोटिशीवर सुनावणी, तिथंही फिल्म लावली. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं, "ही कोण?"

मधुकर कुजबुजला, "सांग ना बे, फिल्म दहा वर्षं जुनी आहे. वस्ती वाचते."

वाचली असती. पण खोट्या नोटिशीविरुद्ध खोटी फिल्म? मी खरं ते सांगितलं. फिल्म याच हिवाळ्याची, बाई आठ वर्षांपूर्वी वारलेली.

"मस्करी करता?"

कौसाबाई उठली. "मस्करी काहून करू, साहेब? आठ वर्सांमागं अठीच मेली ना ते? का मराले बाहेरून आली होती? तिच्या मरनाचा दाखला हाय माह्याजवळ. कोणी इचारलाच नाही!"

खरंच नव्हता विचारला. आम्ही जिवंतांची रेशनकार्डं गोळा करत फिरलो, तीही सगळी अलीकडे बदलून मिळालेली, जुनी तारीख नसलेली. संध्याकाळपर्यंत मेलेल्यांचे पाच वर्षांहून जुने अकरा दाखले निघाले, प्रत्येकावर याच वस्तीचं नाव.

नोटीस रद्द नाही, थांबलीय. आम्ही दर सोमवारी कचेरीसमोर बसतो, बसणारच.

मधुकरनं कॅमेरा खोलून पाहिला, रीळ भिंगाखाली धरलं, कुठंच दोष सापडला नाही. मला आजही काही सांगता येत नाही. कौसाबाईला विचारलं, तर माझ्यावरच उखडली — "तिचं पाणी हाय. ते काहून नाही येईन?"