एका तारेवर सगळे

एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "एकेकाने. ऐकायचंय सगळ्यांचं, पण एकेकाने."

आमचे साहेब मीटिंग अशी चालवायचे. मान किंचित वाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तेवढीच डुलकी काढून घेताहेत असं वाटायचं. दोघं एकदम बोलायला लागले की ते बोट तसंच वर ठेवून गप्प बसायचे, आणि माणसं ओशाळून थांबायची. कधी न रागावणारी आणि कायम दमलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

शिरवण्याच्या बाजूला, कारखान्यांच्या रांगेत आमची छोटी प्रयोगशाळा होती. नव्वदीची अखेरची वर्षं. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तिथे नेमकं काय बनवायचे? तर ऐका.

दूरच्या ताऱ्यांकडून क्ष-किरण येतात, पण हवेतून खाली पोचत नाहीत. म्हणून दुर्बीण आकाशात पाठवावी लागते. तिच्यात मोहरीएवढे चौकोन शेजारी शेजारी बसवलेले असतात. किरण पडला की तो चौकोन जरासा तापतो, आणि किती तापला त्यावरून किरणाची ओळख पटते. एवढीशी ऊब कळायला चौकोन आधी भयंकर गार असावे लागतात. त्यासाठी द्रवरूप हेलियम लागतं. पण प्रत्येक चौकोनाला स्वतःची तार दिली, तर त्या तारांवाटे बाहेरची ऊब आत शिरते. म्हणून तारा अगदी थोड्या ठेवायच्या आणि एकाच तारेवर सगळ्या चौकोनांना पाळीपाळीने विचारायचं, तुझ्याकडे काय आलं? हे विचारणारा डबा साहेब बनवत होते.

"बाई, घरात माणसं बारा," ते मला समजावताना म्हणाले होते, "प्रत्येकाला वेगळं दार दिलं तर घर गार कसं राहील?"

डबा परदेशातल्या एका गटाच्या दुर्बिणीसाठी होता. दुसऱ्या एका देशातही तसाच डबा तयार होत होता. ठरलेल्या मुदतीत ज्याची चाचणी चांगली होईल, तो वर जाणार. साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्या उभ्या नोकरीतली एकही वस्तू अजून आकाशात गेली नव्हती. याविषयी ते बोलत नसत, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

हेलियम खाडीपलीकडून टेम्पोने यायचं, त्यातलं थोडं वाटेतच उडून जायचं. डोंगरावरच्या खाणीत सुरुंग लागले की जमीन हादरायची आणि तेवढ्यानेही चौकोन तापायचे. मग आमचे फिटर भोईरमामा दारात उभं राहून कानोसा घ्यायचे.

"साहेब, आता फोडनार हायेत. थांबा जरा."

"थांबतो. थांबण्यातच जन्म गेला, मामा."

"मंग रजा टाका की दोन दिस."

"टाकली की बायको रेशनला पाठवते. तिथेही थांबायचंच."

शेवटची चाचणी खंडेनवमीनंतर लगेचच होती. नवमीला आम्ही सगळी यंत्रं पुसून मांडायचो. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. माझ्या कॉम्प्युटरलाही कुंकू लागायचं. साहेब दरवर्षी लांब उभे राहून फक्त पेढा घेत. तारांच्या पिना बसतात ती डब्याची जोडणी तर ते कुणाला हातमोज्याशिवाय शिवूही देत नसत. त्या वर्षी मात्र सगळे पेढ्यांकडे वळल्यावर ते पुढे झाले, चिमूटभर कुंकू डब्याला लावलं आणि हात जोडले.

"साहेब, तुमी पन?" भोईरमामा म्हणाले.

"असू दे मामा. या वेळी कुणाचीही मदत चालेल."

चाचणी सुरू झाली आणि चौकोन एकमेकांत बोलू लागले. किरण पडे एकावर, तापल्याची खूण दिसे शेजारच्यावर. साहेबांनी सगळं उलगडून तपासलं. हेलियम संपत आलं. शेवटी भिंग घेऊन ते जोडणीवर वाकले, आणि स्टुलावर बसले. पिनांच्या मुळाशी कुंकवाचे कण होते. आपल्याकडच्या दमट हवेत ते ओले झाले होते आणि एका पिनेची वीज त्यांतून दुसरीकडे झिरपत होती.

भोईरमामा हळूच म्हणाले, "साहेब, उंदरानी वायर खाल्ली म्हना. इथं उंदीर काय कमी हायेत?"

साहेब चक्क हसले. "त्या उंदराने काय घोडं मारलंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, त्या दुर्बीणवाल्यांना पत्र लिहा. जोडणीत माझ्या हातून कुंकू गेलं."

"कुंकू त्यांना काय कळणार, सर?"

"लाल पूड लिहा."

"लाल पूड कुठून आली विचारतील."

"मग खरं ते लिहा. पूजेची."

मी तसंच लिहिलं. जोडणी साफ झाली, नवं हेलियम आलं, डबा सुरेख चालला. पण तोवर मुदत टळली होती आणि दुसरा डबा निवडला गेला होता. आमचा कपाटात गेला.

पुढे साहेबांच्या निवृत्तीच्या महिन्यातच ती दुर्बीण निघाली. अग्निबाण वाटेतच बिघडला आणि सगळं समुद्रात पडलं. बातमी आली तेव्हा आमचे अकाउंटंट हात चोळत म्हणाले, "वाचलो साहेब! आपला डबा असता त्यात तर?"

"त्यांचा होता ना," साहेब म्हणाले.

मग माझ्या टेबलाशी आले. दुसरा डबा ज्याने बनवला होता, त्या माणसाला फॅक्स करायचा होता. ते त्याला कधी भेटलेही नव्हते.

"काय लिहू, सर?"

"कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण लिहितो, ते."

मी चार ओळी टाइप केल्या. लाइन लागेना. कागद आत जाई, अडे, परत येई. "तुम्ही निघा, मी पाठवते," मी म्हटलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. महिनाअखेरीला ते गावी गेले आणि परत कधी दिसले नाहीत. पण त्या संध्याकाळचे साहेब मला अजून दिसतात. घरघरणाऱ्या मशीनवर, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा ठेवून, कागद पलीकडे पोचेपर्यंत ते उभे होते.