लिमये मास्तरांची जांभळी ज्योत

टीचर्स रूममधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाच्या खणात खडूचे तुकडे साठतात तसे ते साठत जातात, आणि एक दिवस खण उघडेनासा होतो. सन तीसच्या आगेमागे मी रत्नागिरीच्या एका शाळेत संस्कृत शिकवायला लागलो. तेव्हा आमच्या खणातले निम्मे किस्से सायन्सच्या लिमये मास्तरांचे होते. आणि त्यांतले निम्मे पोटॅशियमचे!

पोटॅशियम हा धातू. सुरीनं कापता येईल इतका मऊ, पाण्यावर तरंगेल इतका हलका, आणि पाण्याला लागला की आपोआप पेटणारा. ज्योत जांभळी. लिमये मास्तरांनी हे सगळं वीस वर्षं शिकवलं, पण ती ज्योत एकदाही पाहिली नव्हती. रिटायर व्हायच्या आत ती एकदा डोळ्यांनी दिसावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

* * *

फळ्यावर ज्योत काढायला जांभळा खडू कुठं मिळेना. मास्तरांनी पांढरे खडू जांभळांच्या रसात बुडवून वाळवले. ज्योत झकास उठली. दुसऱ्या दिवशी बघतो तर फळ्यावर मुंग्यांची रांग!

ड्रॉइंगचे वैद्य मास्तर म्हणाले, "लिमये, तुमचा धातू गोड दिसतोय."

लिमये हसले नाहीत. मुंग्या हलक्या हातानं बाजूला करत म्हणाले, "असेल. मी कुठं पाहिलाय?"

* * *

लिमये मास्तरांकडे दगडांची एक पेटी होती. गुलाबी फेल्डस्पार, पापुद्रे सुटणारं अभ्रक. "ह्यात पोटॅशियम आहे, ह्यातही आहे," म्हणत ते एकेक दगड वर्गभर फिरवायचे. एकदा एका विद्यार्थ्यानं आवाराच्या गडग्यावरचा जांभा दगड उचलून आणला. "ह्यात, सर?"

"मूळच्या खडकात होतं," मास्तर म्हणाले. "पावसानं धुवून धुवून समुद्रात नेलं. आता ह्यात काही राहिलं नाही."

वैद्य मास्तर दारात उभे होते. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीत. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या घरासारखंच की. जे कामाचं, ते बाहेर."

विनोद चांगला होता, पण त्या दिवशी हसलं कुणीच नाही.

* * *

मग मास्तरांनी ठरवलं, आपण घरीच काढू. नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालांची, राख भिजवली, पाणी गाळलं आणि माईंच्या आमटीच्या पातेल्यात आटवत ठेवलं. तळाशी पांढरा क्षार उरला. मास्तर खूश. माई म्हणजे त्यांची बायको, स्वभावानं गरीब, पण पातेलं गेल्यावर कोण गप्प बसणार?

"वीस वर्षं मी ह्याच राखेनं भांडी घासत्ये. मला नाही कधी धातू सापडला तो!"

"आहे, ह्यातच आहे," मास्तर म्हणाले. "पण सुटा करायला वीज लागते. ती कुठून आणू?"

निदान ज्योतीचा रंग तरी दिसेल म्हणून त्यांनी त्या क्षारात तार बुडवून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ज्योत पिवळीजर्द! मीठ जरा जरी मिसळलं तरी पिवळा रंग जांभळ्याला झाकून टाकतो, आणि आमच्याकडे हवेतसुद्धा मीठ. त्यांनी तार सात वेळा धुतली. सातही वेळा पिवळी.

"समुद्र मध्ये येतो," ते मला म्हणाले. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

* * *

मुंबईच्या एका दुकानदारानं कळवलं की माल आहे, पण बोटीनं पाठवायचा तर परवानगी काढा. मास्तर मला घेऊन बंदरावर गेले. बुकिंगचा क्लार्क त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, फॉर्म काढला.

"वस्तू ज्वालाग्राही आहे का, मास्तर?"

खोटं बोलणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. "आहे. पण तशी पेटत नाही. फक्त पाण्यात पेटते."

क्लार्कनं लेखणी खाली ठेवली. खिडकीतून समोर बघितलं. मग अगदी अदबीनं विचारलं, "मास्तर, बोट कशावरनं जाते?"

* * *

राहता राहिला घाट. कोल्हापूरहून मोटार सर्व्हिस होती. मास्तरांनी स्वतःच्या पगारातून बाटली मागवली. हवा लागू नये म्हणून धातू रॉकेलात बुडवलेला असतो. मोटार आली, ड्रायव्हरनं मोठ्या अभिमानानं बाटली हातात दिली.

"मास्तर, घाटात कंदील इझला बगा. ह्यातलं राकेल तेवढं घेतलं. पर तुमचा खडा मातुर जपून आणलाय!"

आत पांढरी भुकटी होती. मास्तर त्याला म्हणाले, "बरं केलंत. घाटात अंधार वाईट." घरी जाताना मात्र बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

* * *

मास्तरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले, त्यांत औषधांच्या कारखान्यात लागलेला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. त्यानं ट्रंकेतल्या धोतरांतून एक बाटली काढली. तो बोटीनंच आला होता आणि कुणाला काही बोलला नव्हता. रॉकेलात हरभऱ्याएवढा एकच तुकडा. "कापून अर्धा वापरा, मास्तर," त्यानं बजावलं.

शिमग्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी सगळा सहावीचा वर्ग लॅबमध्ये. मास्तरांनी धुतलेला कोट घातला होता. परातीत पाणी. त्यांनी तुकडा चिमट्यानं काढला, सुरी लावली, आणि थांबले. कापवेना त्यांना. वरचा थर नुसता खरवडला. आत चांदीसारखं लखलखलं.

"मागे व्हा. सगळे मागे."

पोरं मागे सरली. मी मात्र पुढे वाकलो. इतकी वर्षं ऐकत होतो, मलाही राहवलं नाही.

तुकडा पाण्यात पडला, आणि त्याच क्षणी मास्तरांनी माझी मान धरून मला छातीशी दाबलं. परातीकडे त्यांची पाठ. फट्ट आवाज झाला, पाणी उडालं, पोरांनी एकच गिल्ला केला.

मी डोकं वर काढलं तेव्हा परातीवर नुसता धूर होता. मास्तर वळले. परातीवर वाकले.

मग मला म्हणाले, "डोळ्यांत काही उडालं नाही ना?"

"नाही."

"दिसली तुम्हाला?"

माझ्या गालावर अजून त्यांच्या कोटाची वीण उमटलेली होती.

"दिसली, मास्तर."

"कशी होती?"

"फार सुंदर," मी म्हणालो.

"हो ना?" ते म्हणाले, आणि पाठीकडून भिजलेला कोट काढून त्यांनी खुंटीला लावला.